वकीलबाई, आमदारबाई, जजबाई

२००१च्या नोव्हेंबरात मला अमेरिकेत येऊन दहा महिने झाले होते. त्या दहा महिन्यांत नवरा सोडून कुणाशी सलग दहा मिनिटं बोलले असेन, तर ती ड्रायव्हिंगची परीक्षा घेणाऱ्या माणसाशी. नेपरव्हिलच्या पलीकडच्या एका लहान गावात आमचं अपार्टमेंट होतं. नवरा सकाळच्या ट्रेननं शिकागोला जायचा. मी नागपूरच्या जिल्हा कोर्टात चार वर्षं वकिली करून आलेली, आणि इथे माझ्या व्हिसावर नोकरी करायला बंदी. मग मी रोज चालत लायब्ररीत जायची आणि कायद्याच्या कपाटाजवळच्या टेबलावर बसून राज्याचे कायदे वाचत राहायची. कशासाठी, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. हात शिवशिवत होते, एवढंच खरं.

एका दुपारी एक उंच, आखूड पांढऱ्या केसांच्या बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात क्लिपबोर्ड, कोटाच्या खिशात सहा-सात पेनं.

"मी राज्याच्या विधानसभेसाठी उभी राहतेय. मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी मला मतदारांच्या सह्या लागतात. एक देणार का?"

"मला देता येणार नाही. मी इथली नागरिक नाही."

"मग नागरिक नसताना हे वाचताय?" त्यांनी माझ्यासमोरच्या जाड पुस्तकाकडे बोट दाखवलं.

"मी वकील आहे," मी म्हटलं, आणि जीभ चावून दुरुस्त केलं, "म्हणजे, होते. भारतात."

त्या समोरची खुर्ची ओढून बसल्याच. त्याही वकील होत्या. गावातल्या न्हाव्याच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. मृत्युपत्रं, घटस्फोट, भाडेकरूंची भांडणं, असं सगळं त्या गेली पंचवीस वर्षं बघत होत्या. नवरा वारलेला, मुलगा दूर कॅलिफोर्नियात. आमच्या भागाचा आमदार सोळा वर्षं तिथेच बसून होता आणि आता त्याला कुणीतरी हलवायला हवं, असं त्यांनी मला हसत हसत सांगितलं. त्या बोलत होत्या आणि माझी नजर आपोआप त्यांच्या क्लिपबोर्डवर गेली. नागपूरला फाइलिंगच्या खिडकीवर एक क्लार्क होता. पानाचा एक नंबर चुकला तर तो अख्खी फाइल परत ढकलायचा. चार वर्षं त्यानं माझा जो छळ केला, तो त्या क्षणी कामी आला.

"मॅडम, तुमच्याकडे चौदा नंबरची दोन पानं आहेत. आणि पंधरा नाहीच."

त्यांनी पानं उलटली. हसू मावळलं. मग परत आलं, आधीपेक्षा मोठं.

"उद्या सकाळी नऊला ऑफिसला ये," त्या म्हणाल्या. "पगार देता येणार नाही."

"मला घेताही येणार नाही," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो बूट काढता काढता थांबला. "निवडणूक? आपल्याला मत नाही अन् तू प्रचार करून राहिली?"

"प्रचार नाही. पानांना नंबर घालणार आहे."

"व्हिसाचं काही लफडं होणार नाही ना, यार?"

मी त्याला कायद्याचं कलमच दाखवलं. सही करता येत नाही, सह्या गोळा करता येत नाहीत, वर्गणी देता येत नाही. पण फुकट काम करायला नागरिक नसलेल्यालाही कुणी अडवत नाही. तो ते वाचून म्हणाला, "बापरे, तू तर पुन्हा वकील झाली." त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचं नाव पडलं वकीलबाई.

पुढचे तीन आठवडे मी न्हाव्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत बसून एकेक पान तपासलं. तिथल्या नियमाप्रमाणे प्रत्येक पानावर मतदारांच्या सह्या, आणि खाली सह्या गोळा करणाऱ्याची शपथ लागायची. ती शपथ नोटरीसमोर घ्यायची, त्यावर नोटरीचा शिक्का. शिक्का नाही तर ते पान केराच्या टोपलीत. वकीलबाईंना हे सगळं तोंडपाठ होतं, पण त्यांच्यासाठी सह्या आणणारे लोक म्हणजे शेजारी, जुने अशील, चर्चमधल्या मैत्रिणी. कुणाला काय माहीत! मी फोन करून करून त्यांना परत बोलवत होते. माझं इंग्रजी ऐकून पलीकडचे आधी "काय?" म्हणायचे आणि मग यायचे.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस डिसेंबरातला होता. राजधानी स्प्रिंगफिल्डला, संध्याकाळी पाचच्या आत. आदल्या संध्याकाळी एका निवृत्त शिक्षिकेनं पोस्टानं पाठवलेला गठ्ठा आला होता. सकाळी मी तो उघडला. अकरा पानं. सगळी सह्यांनी भरलेली, अक्षर असं की फळ्यावर लिहिल्यासारखं. आणि अकराच्या अकरा पानांवर नोटरीची जागा कोरी!

मी दोनदा मोजलं. ती अकरा पानं वगळली तर आमच्या सह्या कमी पडत होत्या.

वकीलबाईंनी त्या शिक्षिकेला फोन लावला. बाई आपल्या मुलीकडे ब्लूमिंग्टनला गेल्या होत्या. वकीलबाईंनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"ब्लूमिंग्टन वाटेवरच आहे ना?" मी विचारलं. मी नकाशा तोवर भिंतीवरून काढलाही होता.

"आहे. तुला गाडी येते?"

"लायसन्स आहे," मी म्हटलं. दोन महिन्यांपूर्वीचं आहे, हे सांगितलं नाही.

त्यांना वाटेत सतत फोन करायचे होते, म्हणून त्यांची ती लांबलचक जुनी गाडी मी चालवायला घेतली. साडेदहा वाजले होते. अर्ध्या तासात बर्फ सुरू झालं. आयुष्यात मी तोवर बर्फात गाडी चालवली नव्हती. दोन्ही बाजूला मक्याची रिकामी शेतं, समोर ट्रकच्या चाकांमधून उडणारा पांढरा चिखल, आणि मी स्टिअरिंग असं धरलेलं की बोटं बधिर झाली. शेजारी वकीलबाई फोनवर बँक शोधत होत्या. "तुमच्याकडे नोटरी आहे का? दोनपर्यंत थांबतील का? जेवायला गेल्यात? मग त्यांना परत बोलवा, प्लीज!" मधेच फोन ठेवून मला म्हणायच्या, "थोडी हळू." पाच मिनिटांनी म्हणायच्या, "थोडी जोरात."

मला भीती वाटत होती, पण तिच्याखाली दुसरंच काहीतरी उसळत होतं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा मी कुठेतरी वेळेवर पोचायला हवं होतं! कुणीतरी माझी वाट बघत होतं! मी चक्क हसायला लागले. वकीलबाईंनी चमकून बघितलं आणि त्याही हसत सुटल्या.

ब्लूमिंग्टनच्या बँकेत ती शिक्षिका आधीच येऊन बसली होती. ऐंशीच्या आसपास वय, अंगात घरातला गाऊन, त्यावर कोट, पायात स्लिपर. मुलीनं तिला तशीच उचलून आणली होती. "चाळीस वर्षं मी मुलांना सूचना नीट वाचायला शिकवलं," ती म्हणाली, "आणि बघा मी काय केलं." नोटरीबाईंनी तिला हात वर करून शपथ घ्यायला लावली. अकरा सह्या. अकरा शिक्के. प्रत्येक शिक्का धप्पकन पडताना मी मनात मोजत होते. बाहेर पडताना म्हातारीनं माझा हात धरला. "तूच ती पानं मोजणारी?" मी मान हलवली. "मग पळ!"

पाचला सतरा मिनिटं कमी असताना मी स्प्रिंगफिल्डच्या ऑफिससमोर गाडी उभी केली. उभी कसली, फुटपाथला घासून थांबवली. वकीलबाई गठ्ठा छातीशी धरून बर्फातून धावल्या, मी मागे. खिडकीवरच्या माणसानं पानं उलटायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... चौदा, पंधरा, सोळा. कुठेही न थांबता तो शेवटच्या पानापर्यंत गेला आणि त्यानं वेळेचा शिक्का मारला. वकीलबाईंनी मला तिथेच, त्या सरकारी ऑफिसच्या मधोमध, उचलून घेतलं. खरोखर उचललं! माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

आठवड्याभरात आमदाराच्या माणसानं आमच्या अर्जावर आक्षेप घेतला. पानं नीट नाहीत, शिक्के नाहीत, नंबर चुकले आहेत. आम्ही सुनावणीला गेलो. तिथे एकेक पान बाहेर निघालं आणि एकेक पान टिकलं. आक्षेप फेटाळला गेला तेव्हा समोरचे वकील उठून वकीलबाईंकडे आले आणि म्हणाले, "तुमची पानं कुणी तपासली?" वकीलबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्या वकिलांनी माझ्यापुढे मान लववली. मी त्या रात्री फोनवर नागपूरच्या माझ्या सीनियरांना हे तीनदा सांगितलं.

२००२चा उन्हाळा मी पायी काढला. वकीलबाई घरोघर जायच्या आणि मी पत्ते लिहिलेली यादी घेऊन बरोबर. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतरच्या त्या वर्षी जवळजवळ प्रत्येक घरावर झेंडा होता आणि काही दारांत माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं जायचं. एका माणसानं वकीलबाईंना सरळ विचारलं, "ही कोण?" त्या म्हणाल्या, "ही नसती तर माझं नाव तुमच्या मतपत्रिकेवर नसतं." आणि मग त्यांनी त्याला ब्लूमिंग्टनची सगळी गोष्ट ऐकवली, स्लिपरसकट. शेवटी त्यानं आम्हाला लिंबूपाणी दिलं.

त्यांची पद्धत अशी की त्या भाषण करायच्या नाहीत. विचारायच्या, "या रस्त्यावर तुम्हाला कशाचा त्रास होतो?" आणि ऐकायच्या. मी लिहून घ्यायची.

सप्टेंबरात मराठी मंडळाच्या गणपतीला मी त्यांना घेऊन गेले. एका शाळेच्या हॉलमध्ये आमचा गणपती बसायचा. तिथे आमचे डॉक्टरकाका होते. पुण्याचे, सत्तरच्या आधी इथे आलेले, नुकतेच निवृत्त झालेले हृदयरोगतज्ज्ञ. मंडळात त्यांचा शब्द चालायचा. मी वकीलबाईंची ओळख करून दिल्यावर काकांनी त्यांच्याशी अदबीनं हात मिळवला आणि मला बाजूला घेतलं.

"अगं, मी इथे तीस वर्षं मत देतोय. पण खरं सांगू? राष्ट्राध्यक्षाच्या खाली कधी बघितलंच नाही. बाकीची नावं कोण वाचतो?"

"मग काका, यंदा खालचं एक नाव वाचा ना. माझ्यासाठी."

"तुला मत नाही म्हणून माझं मागतेस?"

"हो," मी म्हटलं.

काका मोठ्यानं हसले. मग ते वकीलबाईंकडे परत गेले आणि त्यांनी त्यांना अर्धा तास धारेवर धरलं. दवाखाने, विमा, शाळा. वकीलबाईंना दोन प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. त्यांनी तसं सांगितलं आणि काकांचा फोन नंबर घेतला. चार दिवसांनी त्यांनी फोन करून ती उत्तरं दिली. काका त्या फोननं इतके खूश झाले की त्यांनी मंडळाची सगळी यादी काढली आणि आपल्या वयाच्या एकेकाला फोन करायला बसले. काकूंनी मला नंतर सांगितलं, "अगं, निवृत्तीनंतर हा माणूस पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकात लुडबुड करायचा थांबला."

मतदानाच्या दिवशी निकाल लागलाच नाही. दोघांत शंभराचाही फरक नव्हता आणि टपालानं आलेली मतं मोजायची राहिली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे न्हाव्याच्या दुकानात जमलो, कारण वरच्या खोलीत मावत नव्हतो. एका खुर्चीत तर गिऱ्हाईक दाढी करून घेत होतं. दुपारी एकच्या सुमाराला फोन वाजला. वकीलबाईंनी तो कानाला लावला आणि डोळे मिटले. न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबला. मग त्यांनी डोळे उघडले आणि मुठी वर केल्या.

काय गोंधळ झाला तो! अर्धी दाढी झालेला माणूस उठून नाचत होता. डॉक्टरकाका कुणालातरी मिठी मारत होते आणि मागून म्हणत होते, "आपण कोण?" मी जिन्याच्या पायरीवर बसून रडत होते. नवऱ्याला फोन केला तर तो ऑफिसात इतक्या मोठ्यानं ओरडला की त्याच्या मॅनेजरनं येऊन विचारलं. संध्याकाळी घरी येताच तो म्हणाला, "मग, आता आमदारबाई म्हणायचं ना?"

२००३च्या जानेवारीत आमदारबाईंचा शपथविधी झाला. मी वरच्या गॅलरीत बसले होते. ती पांढऱ्या केसांची बाई खाली हात वर करून उभी राहिली आणि मला एकदम त्या स्लिपरवाल्या शिक्षिकेचा हात आठवला.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला विधानभवन दाखवलं. घुमटाखाली उभ्या राहून त्या अचानक म्हणाल्या, "आता तुझं काय?"

"माझं काय म्हणजे?"

"तू वकील आहेस."

"तिकडची. इथे पुन्हा पहिल्यापासून लॉ स्कूल करावं लागतं."

"मग कर. शिकायला तुझा व्हिसा अडवत नाही. मी बघितलंय." त्यांनी पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला. संध्याकाळच्या वर्गांच्या लॉ स्कूलचा प्रवेश अर्ज. माझं नाव त्यांनी वरती लिहूनही ठेवलं होतं. माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं.

त्या ऑगस्टपासून मी शिकागोला संध्याकाळच्या वर्गांना जायला लागले. नवरा ट्रेननं घरी यायचा आणि मी ट्रेननं शहरात जायची. दुसऱ्या वर्षी मुलगी झाली. मग फलाटावरच बाबागाडी या हातातून त्या हातात जायची. "दूध प्यायली, झोप झाली नाही, पुढच्या बुधवारी परीक्षा आहे," एवढं बोलायला आम्हाला दीड मिनिट मिळायचं. चार वर्षं असं चाललं. दमायला व्हायचं, पण कंटाळा आला असा एक दिवस आठवत नाही. करारांच्या कायद्यावर सरांनी प्रश्न विचारला की माझा हात आधी वर. वर्गातली पोरं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होती आणि परीक्षेआधी माझ्याच वह्या मागायची.

आमदारबाईंनी दोन-दोन वर्षांच्या दोन टर्म केल्या. सगळं जमलं असं नाही. कोर्टात दुभाषी मिळावा म्हणून त्यांनी आणलेलं विधेयक समितीतच अडकून पडलं आणि त्या दिवशी त्या मला फोनवर पाच मिनिटं नुसत्या शिव्या देत होत्या. एका वळणावर सिग्नल बसवायला त्यांना तीन वर्षं लागली. तो सिग्नल लागला तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून तो लाल, हिरवा होताना बघत होत्या, मी त्यांचा फोटो काढलाय.

२००६मध्ये त्यांनी आमदारकी सोडली आणि न्यायाधीशपदासाठी उभ्या राहिल्या. तिथे न्यायाधीशही मतदानानं निवडून येतात हे मी नागपूरच्या सीनियरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. "म्हणजे जज दारोदार मतं मागतो?" "हो, सर." "अन् मग निकाल कोणाच्या बाजूनं देतो?"

तो प्रश्न बाईंना मी जसाच्या तसा सांगितला. त्या गंभीर झाल्या. न्यायाधीशाच्या उमेदवाराला कसलंही वचन देता येत नाही, म्हणजे चार वर्षं लोकांच्या तक्रारी लिहून घेणाऱ्या बाईंना आता दारात उभं राहून काहीच कबूल करता येत नव्हतं. एक माणूस त्यांना म्हणाला, "माझ्या घरमालकानं मला छळलंय. तुम्ही जज झालात तर त्याला धडा शिकवाल ना?" त्या म्हणाल्या, "मी त्याचंही ऐकून घेईन, तुमचंही." त्यानं दार लावलं. आम्ही फाटकाबाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "गेलं एक मत. पण बरं वाटलं."

त्या मोठ्या फरकानं निवडून आल्या. डिसेंबरात काळा झगा चढला आणि आमच्या घरी जजबाई झाल्या.

२००७च्या वसंतात माझं शेवटचं सत्र होतं. तिथे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना परवाना मिळतो, अनुभवी वकील शेजारी उभा असेल तर ते गरिबांचे खटले चालवू शकतात. आमच्या लॉ स्कूलच्या मोफत मदत केंद्रात मला पहिला खटला मिळाला. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एक साठीच्या बाई होत्या. मुलगी आजारी पडली म्हणून त्यांनी नातीला आपल्याकडे ठेवून घेतलं, तर घरमालकानं करार मोडला म्हणून घर खाली करायची नोटीस काढली. ती नोटीस त्यानं दारावर चिकटवली होती. मी ते वाचलं आणि खुर्चीतून उठलेच! घरात माणूस राहत असेल तर नोटीस हातात द्यावी लागते, नाहीतर रजिस्टर टपालानं पाठवावी लागते. दारावर चिकटवलेली चालत नाही. हे मी पहिल्या वर्षी लायब्ररीत वाचलेलं.

सुनावणीच्या सकाळी आमच्याच जिल्ह्याच्या कोर्टात पोचलो तर दाराबाहेरच्या यादीवर न्यायाधीशाचं नाव बदललेलं होतं. नेहमीचे जज आजारी होते. त्यांच्या जागी आमच्या जजबाई!

मी आत गेले. त्या उंच खुर्चीत बसल्या होत्या, काळ्या झग्यात, नाकावर चष्मा. माझा आनंद मनात मावेना. माझा पहिला खटला त्यांच्यासमोर! मी अशिलाच्या कानात म्हटलंही, "घाबरू नका." आमचा पुकारा झाला. मी उभी राहिले.

जजबाईंनी चष्मा काढला. "दोन्ही पक्षांना एक सांगायचं आहे," त्या म्हणाल्या. "या विद्यार्थिनीनं माझ्या निवडणुकांत काम केलंय. माझ्या मनात तिच्याविषयी माया आहे. म्हणून हा खटला मी ऐकणार नाही. शेजारच्या कोर्टात पाठवते."

एवढंच. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही, पुढची फाइल उचलली.

अगदी खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांचा राग आला. शेजारच्या कोर्टातल्या जजना आम्ही सगळे विद्यार्थी घाबरून होतो. त्यांना वाक्य पूर्ण करू देण्याची सवय नव्हती. वीस मिनिटांत मी त्यांच्यासमोर उभी होते.

"मुद्दा काय?" त्यांनी विचारलं. मी सुरुवात करणार तोच म्हणाले, "एका वाक्यात."

"नोटीस दारावर चिकटवली, आणि त्या दिवशी माझ्या अशील आत राहत होत्या."

त्यांनी घरमालकाच्या वकिलाकडे मान वळवली. "राहत होत्या?"

"हो, पण युवर ऑनर, त्यांना नोटीस मिळालीच ना, त्यांनी ती वाचली..."

"मी ते विचारलं नाही. हातात दिली?"

"नाही."

"टपालानं?"

"नाही."

"कलम?" हा प्रश्न मला होता. मी कलम सांगितलं. उपकलमही सांगितलं. पाठ होतं, पाच वर्षांपासून पाठ होतं! त्यांनी समोरचं पुस्तक उघडलं, बोटानं ओळ शोधली, आणि पुस्तक मिटलं. "दावा फेटाळला."

बाहेर आल्यावर माझ्या अशिलानं विचारलं, "म्हणजे आम्ही घरी जायचं?" "हो," मी म्हटलं, "तुमच्याच घरी." त्यांनी मला घट्ट धरलं आणि त्या स्पॅनिशमध्ये बरंच काही बोलल्या. मला एक शब्द कळला नाही आणि मी सगळ्याला मान हलवली.

त्या खटल्यातल्या अपिलाची मुदत उलटून गेल्यावर, जूनमध्ये, जजबाई मला एका कॉफीच्या दुकानात भेटल्या. मी रागाचं बोलून टाकलं. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"माझ्यासमोर तू जिंकली असतीस," त्या म्हणाल्या, "तर घरमालक घरी जाऊन म्हणाला असता, त्यांची ओळख होती. आणि त्याचं म्हणणं बरोबरच ठरलं असतं." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "आणि मला तुझं सगळं शेजारच्या जजनी जेवताना सांगितलं. कलमासकट. मी तेव्हा चेहरा किती निर्विकार ठेवला, तुला कल्पना नाही."

त्याच उन्हाळ्यात अचानक सरकारनं आमच्यासारख्यांच्या ग्रीन कार्डचे अर्ज घ्यायला सुरुवात केली. आमच्या ओळखीतली प्रत्येक मराठी, तेलुगू, गुजराती जोडी फोटो आणि मेडिकलसाठी धावत सुटली. मी एका हातानं ते कागद भरत होते, दुसऱ्या हातानं बारच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, परीक्षेचा अभ्यास. आमच्या कागदांना नंबर अर्थातच मी घातले. शरद ऋतूत माझं काम करण्याचं परवानापत्र आलं आणि त्याच्या दहा दिवसांनी परीक्षेचा निकाल. पास! मुलगी तीन वर्षांची होती. तिला उचलून घेऊन मी सांगितलं, "आई वकील झाली." ती म्हणाली, "अगेन?" तिच्या बाबानं तिला शिकवून ठेवलं होतं.

नोव्हेंबरात माझा शपथविधी झाला. डॉक्टरकाका आणि काकू पहिल्या रांगेत होते. जजबाई मागे, खांबाजवळ उभ्या. त्या जवळ आल्या नाहीत. त्या आता आमच्या घरी जेवायलाही येत नव्हत्या. पूर्वी त्यांना माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी इतकी आवडायची की डबा मागून न्यायच्या. मला त्याच कोर्टात उभं राहायचं होतं, म्हणून त्यांनी ते येणं स्वतःच थांबवलं. मला याचं वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

२००८च्या फेब्रुवारीत मला भाडेकरूंसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी लागली. पहिल्याच सोमवारी मी एकटी, कुणाच्याही देखरेखीशिवाय, चार फाइली काखेत मारून कोर्टाच्या लांब बोळातून चालले होते. समोरून जजबाई येत होत्या. बरोबर त्यांचा शिपाई, हातात झगा. मी बाजूला झाले. आम्ही एकमेकींच्या अगदी जवळून गेलो.

"गुड मॉर्निंग, काउन्सेल," त्या म्हणाल्या. त्या बोळात वकिलाला असंच म्हणतात. दिवसातून पन्नास वेळा म्हणत असतील.

"गुड मॉर्निंग, जज," मी म्हटलं, आणि पुढच्या दारातून आत गेले. माझा पहिला पुकारा नऊ वाजता होता.